चूल दुकानातच पेटवून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा वाढला की नऱ्ह्यातल्या माझ्या शेडवर चुली येऊ लागतात. माझा धंदा फॅब्रिकेशनचा. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे हे रोजचं काम. पण थंडीत लोक लाकडावर चालणाऱ्या पत्र्याच्या चुली दुरुस्तीला घेऊन येतात. कुणाची जाळी वाकून खाली बसलेली असते, कुणाचा आतला पत्रा पापुद्रे सुटून गळालेला असतो, तर कुणाच्या धुराड्यातून धूर उलटा खोलीत येत असतो. यातल्या बऱ्याच चुलींना वर्षही झालेलं नसतं. आणणारे कोण, तर दोन खोल्यांत राहणारे वॉचमन, बिगारी, वेल्ह्या-भोरकडून शहराच्या कडेला येऊन राहिलेली कुटुंबं. त्यांनी पोटाला चिमटा काढून हजार-दोन हजार रुपये चुलीत घातलेले असतात. ‘परत लावून द्या’ एवढंच त्यांचं मागणं असतं आणि पुष्कळदा मला सांगावं लागतं की, यात लावण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून हे पत्र.

साधा बल्ब घेतला तरी दुकानदार होल्डरला लावून दाखवतो. चूल मात्र कुणी पेटवून दाखवत नाही आणि गिऱ्हाईकही मागत नाही. रंग बघायचा, हातात उचलून वजन बघायचं, घासाघीस करायची आणि रिक्षात टाकून घरी न्यायची. जड म्हणजे टिकाऊ, टिकाऊ म्हणजे चांगली, असा सरसकट समज आहे. चुलीच्या बाबतीत तो फसवा आहे. जाड लोखंड किंवा जड वीट आधी स्वतः तापते आणि मग पातेल्याला आच देते. दिवसभर पेटलेल्या हॉटेलच्या भट्टीला ते चालतं. सकाळी अर्धा तास पेटणाऱ्या घरच्या चुलीत मात्र तेवढं जळण भिंती तापवण्यातच जातं.

पण कोणती चूल घ्यावी याच्या आधी, घ्यावी का, हे बघू. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिलं विचारतो, ‘जळण कुठून आणणार?’ विकतचं म्हणाला, तर मी त्याला हिशोब मांडून दाखवतो. 14.2 किलोच्या सिलिंडरमधून पातेल्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी मिळवायला चांगल्या, आतून उष्णता अडवणारं अस्तर असलेल्या चुलीत साधारण 100 किलो वाळलेलं लाकूड लागतं. उघड्या तीन दगडांच्या चुलीत तेच अडीचशे किलोच्या घरात जातं. म्हणजे सिलिंडरच्या दराला 100 ने भागा. सिलिंडर 900 रुपयांना असेल, तर 9 रुपये किलोच्या वर घेतलेलं लाकूड चांगल्या चुलीतही गॅसपेक्षा महाग पडतं. साध्या चुलीत तर साडेतीन रुपयांच्या वर परवडत नाही. वखारीत दर विचारून या आणि मग ठरवा. आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. पंधरा लिटरची बादली थंडीत कोमट-गरम करायला चांगल्या चुलीत अर्ध्या किलोच्या आत लाकूड लागतं, उघड्या चुलीत किलोभर. विजेच्या रॉडला त्याच कामासाठी जेमतेम अर्धा युनिट लागतो. शेताच्या बांधावरचा फाटा, सुताराकडचे तुकडे, नारळाच्या करवंट्या असं जळण ज्याला फुकट किंवा नावापुरत्या पैशांत मिळतं, त्याचाच चुलीत फायदा आहे. बाकीच्यांना मी गॅसच वापरा म्हणून सांगतो, आणि त्यात माझं गिऱ्हाईक जातं ते जाऊ दे.

आता ज्याला चूल खरंच हवी आहे, त्याने तिच्या आत बघावं. बाहेरचा रंग पहिल्याच आठवड्यात काळा होणार आहे. आतली जळण्याची जागा बाहेरच्या पत्र्यापासून वेगळी हवी आणि दोहोंच्या मधे हलकं, उष्णता अडवणारं काहीतरी भरलेलं हवं. आमच्याकडे मुळशी-वेल्ह्याच्या भातगिरण्यांचा तूस, म्हणजे भाताची टरफलं, मिळतो. त्याची राख ही उष्णता अडवणारी उत्तम वस्तू आहे आणि तिला पैसे जवळजवळ पडत नाहीत. बाजारातल्या एकपदरी चुलीत आत-बाहेर एकच पत्रा असतो. तो साधा लोखंडी असला की लाल होतो, गंजतो, झडतो. आतल्या भागाला स्टेनलेस 304 चा पत्रा किंवा भाजलेल्या मातीची नळी असेल तर चूल टिकते. जाळी बिडाची आणि सुटी निघणारी असावी, म्हणजे ती गेली तर नुसती जाळी बदलता येते. लाकूड घालायचं तोंड फार मोठं नको. घरच्या पातेल्याला चार-साडेचार इंच पुरे. तोंड मोठं असलं की माणूस त्यात ओंडका घालतो आणि गार हवा भसाभस आत शिरून जाळ मंदावतो. तोंडात एक आडवी पट्टी असावी. पट्टीवर लाकूड, पट्टीखालून हवा. तोंडापासून वरच्या काठापर्यंतची उंची तोंडाच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट असली की जाळ वर ओढला जातो आणि धूर आतच जळून जातो. अशी एका तोंडाची चूल माझ्याकडे अडीच-तीन हजारांत होते. याहून स्वस्तात कुणी अस्तराची चूल देत असेल तर जरूर घ्या, पण अस्तर आहे हे डोळ्यांनी बघून घ्या.

दुकानात भारतीय मानक 13152 चा शिक्का विचारा. या मानकात पंख्याविना चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी पातेल्याला मिळणारा वाटा, किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान 35 टक्के हवी असं ठरवून दिलेलं आहे. धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावरही मर्यादा आहेत. पंख्याची चूल धूर सगळ्यांत कमी करते, हे खरं. पण तिला बारीक तुकडे किंवा भुशाच्या गोळ्या लागतात आणि बॅटरी चार्ज करावी लागते. गोळ्या आपल्या भागात मिळतात का आणि पुढच्या वर्षीही मिळतील का, हे आधी बघा. गोळ्या महागल्या किंवा मिळेनाशा झाल्या म्हणून माळ्यावर गेलेल्या पंख्याच्या चुली मी बघितल्या आहेत. वरून पेटवायची, डबा भरून लाकडाचे तुकडे घालायची चूलही चांगली असते आणि शेवटी कोळसा हाती देते. पण मधेच जळण वाढवता येत नाही. डाळ शिजली नाही आणि डबा संपला की गृहिणीची पंचाईत होते.

भाकरीबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण चुली बनवणारे तिचा विचारच करत नाहीत. प्रयोगशाळेत चूल पाणी उकळून तपासतात. आपल्या घरात चूल भाकरीवर तपासली जाते. अरुंद तोंडाच्या चुलीचा जाळ एकवटून तव्याच्या मधोमध लागतो. भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय जुन्या चुलीत भाकरी तव्यावरून काढली की पुढ्यात ओढलेल्या निखाऱ्यांपाशी उभी करून शेकतात आणि ती टम्म फुगते. नव्या चुलीत निखारे आत खोल पडतात, बाहेर ओढायला जागाच नसते. माझ्या गावी ऐंशीच्या दशकात सरकारी सुधारित चुलींचा कार्यक्रम आला होता. धुराड्याच्या चुली घरोघर बांधून दिल्या. काही वर्षांत धुराडी काजळीने तुंबली आणि ती साफ करायची कशी हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भाकरी शेकता येत नाही म्हणून बायकांनी पुढचं तोंड फोडून मोठं केलं. देशभरातला तो कार्यक्रम 2002 मध्ये बंद झाला. लोकांना सुधारणा नको असते असा त्याचा अर्थ लावणारे मला भेटले आहेत. मला तो पटत नाही. ज्या बाईने पाच-सात माणसांच्या भाकऱ्या रोज थापल्या, तिला चूल करताना कुणी विचारलं नाही, एवढंच त्यात झालं. मी आता भाकरीच्या गिऱ्हाइकाला चुलीवर जाळ पसरवणारी एक जाड चकती आणि पुढे निखाऱ्यासाठी ओढता येणारा पत्र्याचा ट्रे करून देतो. खर्च थोडाच वाढतो. चूल मात्र वापरात राहते.

धुराचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझ्या आईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही आणि म्हातारपणी चार पावलं चालली की तिला दम लागायचा. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, सांगितला. न ओढणाऱ्यांनाही हा आजार चुलीच्या धुराने होतो, यावर पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉक्टरांनी मोठं काम केलेलं आहे. तेव्हा कितीही चांगली चूल घेतली तरी बंद खोलीत ती पेटवू नका. ओट्यावर, पडवीत, अंगणात पेटवा. आतच हवी असेल तर चार इंची धुराडं लावा. ते छपराच्या माथ्यापेक्षा किमान दोन फूट वर न्या, वर टोपी बसवा, वळणं कमीत कमी ठेवा आणि महिन्याला काजळी झाडा. पत्र्याच्या छपरातून पाईप जातो तिथे लाकडी वाशाला तो टेकता कामा नये. गॅसचा सिलिंडर चुलीच्या खोलीत नकोच. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत तुमचं धुराडं शेजाऱ्याच्या माडीच्या खिडकीसमोर उघडत असेल, तर तिथे लाकडाची चूल लावू नये. तुमचा धूर त्याच्या लेकराच्या छातीत जाणार. आणि निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी खोलीत घेऊन दार लावून कधीही झोपू नका. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. झोपलेला माणूस उठत नाही.

जळणातही निवड आहे. बाभूळ आणि सुबाभूळ उत्तम, पण फोडून, मनगटापेक्षा बारीक करून, निदान एक उन्हाळा वाळवलेली हवी. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं आणि त्यातच धूर करतं. पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं जळण जमिनीला टेकवू नये, खाली विटा आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लायवूड, एमडीएफ, सनमायकाचे तुकडे, रंग दिलेली दारं-खिडक्या चुलीत घालू नका. त्यातला डिंक आणि रंग जळून विषारी वाफा निघतात. फर्निचरच्या कामावरून हे तुकडे पोतं भरभरून फुकट मिळतात, म्हणून मोह होतो. चाकण-भोसरीकडून येणारी पॅकिंगची लाकडी पॅलेट पुष्कळ लोक जाळतात. त्यांच्यावर छाप असतो. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं लाकूड, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते नको. छापच नसेल, तेल सांडलेलं असेल, तर तेही नको.

पुण्यात या विषयातली माणसं आहेत, हे आपलं भाग्य आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती संस्थेत उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याचं काम उभं केलं, त्याला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अॅशडेन पुरस्कार 2002 मध्ये मिळाला. त्याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये मूठ-दोन मूठ कांडी कोळशावर वाफेने एका कुटुंबाचा भात-डाळ होतो. भाकरी न करणाऱ्या छोट्या कुटुंबाला लाकडाच्या चुलीऐवजी तो अधिक सोयीचा वाटू शकेल. अर्थात तोही मोकळ्या हवेतच पेटवावा.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली महापालिकेला. शहरात पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी होते. त्या फांद्यांतलं जाड लाकूड प्रभागात एका शेडखाली वर्षभर वाळवून, फोडून, ज्यांच्याकडे मोकळी जागा आणि नीट चूल आहे अशा घरांना नाममात्र दराने द्यावं. त्याने बिनपरवाना झाडाला हात लावण्याचा मोहही कमी होईल.

दुसरी विनंती रविवार पेठेपासून उपनगरांपर्यंत चुली विकणाऱ्या माझ्या भाऊबंदांना. दुकानाबाहेर एक नमुना चूल पेटती ठेवा. गिऱ्हाईक घरचं पातेलं, तवा आणि पिशवीत आपलं जळण घेऊन आलं तर त्याला त्यावर एक तांब्या पाणी उकळू द्या आणि एक भाकरी भाजू द्या. दहा मिनिटांनी चुलीला बाहेरून हात लावायला सांगा. हात ठेववत नसेल तर आतलं अस्तर बिनकामाचं आहे. पातेल्याचं बूड किती काळं झालं ते दाखवा. जाळी सुटी निघते का ते त्याच्यासमोर काढून दाखवा आणि पुढच्या वर्षी ती कितीला मिळेल हे बिलावर लिहून द्या. माझ्या शेडवर मी या थंडीत हे सुरू केलं आहे. ज्यांना चुलीची मापं हवी असतील त्यांनी येऊन टेपने घ्यावीत, मग तो गिऱ्हाईक असो की दुसरा कारागीर.

आपला,
एक फॅब्रिकेशन कारागीर,
नऱ्हे, पुणे