तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत : शाळा व्यवस्थापन समितीचे आवाहन

शाळेचे माजी विद्यार्थी, नोकरीधंद्यासाठी नाशिक, पुणे, मुंबईला गेलेले आमचे गावकरी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल आस्था असणाऱ्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात आमची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट ४१. मुलं बहुतेक ठाकर आणि महादेव कोळी घरांतली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात. तसे ते आम्हालाही मिळाले आहेत आणि दोघंही जीव ओतून शिकवतात. पण वर्ग पाच आणि शिकवणारे दोन. सर पहिली-दुसरी सांभाळतात, बाईंकडे तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत. बाई पाचवीला अपूर्णांक समजावत असतात तेव्हा तिसरीची मुलं धडा वहीत उतरवून काढतात आणि चौथीची पाढे म्हणतात. पाढे पाठ झाले तरी म्हणतच राहतात, कारण बाई अजून मोकळ्या झालेल्या नसतात. त्यात सरांना केंद्रशाळेत बैठक किंवा तालुक्याला प्रशिक्षण निघालं की पाचही वर्ग एकट्या बाईंवर.

हे आवाहन त्या ताटकळलेल्या मुलांसाठी आहे. शाळा डिजिटल झाली असा फलक दारावर लावायचा आमचा विचार नाही. बाईंचा हात दुसऱ्या वर्गात गुंतलेला असताना उरलेल्या मुलांच्या हाताला खरं काम मिळावं, एवढ्यासाठी आम्हाला थोडी यंत्रं हवी आहेत. ती कोणती, किती आणि कशासाठी, हे समितीने बरेच महिने बसून ठरवलं आहे. ते सविस्तर सांगतो, म्हणजे मदत कशाला जाते आहे हे देणाऱ्याला आधीच कळेल.

सुरुवात बाईंच्या स्वतःच्या फोनवर झाली. मागच्या हिवाळ्यात त्यांनी तिसरीच्या मुलांना एक काम लावून दिलं. व्हरांड्यात जायचं, पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, तो फोनमध्ये ध्वनिमुद्रित करायचा आणि मग ओळीवर बोट ठेवून आपलाच आवाज ऐकायचा. एका मुलीने वाचताना ‘पाणी भरताना’चं ‘पाणी भरते’ केलं होतं आणि तशीच पुढे गेली होती. ऐकताना तिचं बोट त्या शब्दावर थांबलं. तिने पुन्हा ऐकलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि दारात येऊन म्हणाली, “बाई, हा शब्द मी चुकवला. परत वाचू?” बाई त्या वेळी पाचवीच्या फळ्यापाशी होत्या. तिची चूक त्यांनी दाखवलेली नव्हती, त्यांना ती माहीतही नव्हती. त्या आठवड्यात व्हरांड्यात जायला मुलांची रांग लागली. पण फोन एकच. त्याच फोनवर कार्यालयाचे निरोप येतात, हजेरी भरायची असते, आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते.

यातून दिशा सापडली. आता वाचनाच्या साहित्याबद्दल. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत मिळतात आणि वाचनपातळीप्रमाणे चार गटांत लावलेली असतात. चौथीत असूनही जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या मुलाला दुसऱ्या पातळीची गोष्ट देता येते आणि शेजारच्याला ते कळतही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची गणित-विज्ञानाची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर स्वतः करून पाहायचे प्रयोग, मराठीतही आहेत. अपूर्णांकांच्या सिम्युलेशनमध्ये गोल किंवा पट्टी हव्या तितक्या भागांत वाटायची आणि भाग भरत जायचे. तीन चतुर्थांश म्हणजे किती, हे मूल स्वतः करून पाहतं आणि चुकलं तर पुन्हा करतं. हे सगळं एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडे रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं, त्यामुळे ही बाब आमच्यासाठी पहिल्या नंबरची आहे.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचीही अडचण रेंजचीच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम केलं. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. आमच्यासारख्याच शाळेतून हे घडलं याचा आम्हाला अभिमान आहे. पण रेंज नसलेल्या वाडीत कोड स्कॅन केला तरी त्यामागचं साहित्य उघडत नाही. म्हणून सर ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचं साहित्य तालुक्याला गेल्यावर उतरवून आणतात. आमची मागणी अशी, की हे सगळं साहित्य शाळेतच एका छोट्या, तळहाताएवढ्या संगणकावर साठवावं आणि मुलांच्या टॅबनी ते खोलीतल्या खोलीत, नेटशिवाय घ्यावं. रास्पबेरी पाय नावाच्या त्या संगणकाला वीज अगदी थोडी लागते.

यंत्र आलं म्हणजे शिक्षण सुधारतं असं आम्ही मानत नाही. आमच्याच केंद्रातल्या एका शाळेला काही वर्षांपूर्वी एका कंपनीने टॅब दिले. कार्यक्रम झाला, फोटो निघाले. आतला अभ्यासक्रम नेटवर चालणारा, त्याची वर्गणी वर्षभराची. वर्ष संपलं तसे टॅब कपाटात गेले ते अजून तिथेच आहेत. मोठ्या प्रमाणावरचा अनुभवही फार वेगळा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांत सुमारे सव्वा वर्षानंतर तपासणी झाली, तेव्हा भाषा आणि गणिताच्या गुणांत काहीच वाढ दिसली नाही. उलट दिल्लीत एका अभ्यासात शाळेनंतर संगणकावर सराव करणाऱ्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत चांगली मजल मारली. तिथे प्रत्येक मुलाला इयत्तेप्रमाणे नव्हे, तर त्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढचा प्रश्न मिळत होता, आणि सोबत छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता. ती मुलं आमच्या मुलांपेक्षा मोठी आणि शहरातली होती, तेव्हा तोच निकाल इथे लागेल असं आम्ही म्हणणार नाही. पण यंत्र कोणत्या कामाला लावलं यावर सगळं अवलंबून असतं, इतकं त्यातून नक्की कळतं.

समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला आहेत. सगळ्यांत कडक अट आयांनी घातली : टॅब घरी जाणार नाही. घरात फोन असला की काय होतं ते त्या रोज बघतात. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालातही हेच दिसतं. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी पाहणीच्या आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. आमची मुलं त्या वयाची व्हायची आहेत. त्यांच्या हातात पडदा पहिल्यांदा येईल तो शाळेत, बाईंच्या नजरेसमोर, कामापुरता, असं आयांचं म्हणणं आणि आम्हाला ते शंभर टक्के पटलं. म्हणून ठरलं की कोणत्याही मुलाचा दिवसाचा टॅबवरचा वेळ अर्ध्या तासाच्या वर जाणार नाही आणि पहिली-दुसरीला पडदा मुळीच नाही, फक्त आवाज.

या आवाजाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सरांचा सगळा जीव त्यात आहे. पहिलीत येणारं मूल घरी आमच्या डोंगराची बोली बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला अर्धी कळते, अर्धी नाही, मग ते गप्प बसतं आणि बाहेरून येणाऱ्याला वाटतं की याला काही येत नाही. सरांना वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, भाताच्या लावणीची गाणी, रानभाज्यांची माहिती त्यांच्याच तोंडून मुद्रित करायची आहे. मुलं आधी आजीचा ओळखीचा आवाज ऐकतील, तीच गोष्ट स्वतः सांगतील, मग सरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेली तीच गोष्ट वाचायला घेतील. याला लागतं काय, तर एक बरा रेकॉर्डर आणि एक स्पीकर. आमच्या मते संपूर्ण यादीतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

आता अडचणींचं. घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्यात पाऊस कसा पडतो ते इकडच्यांना सांगायला नको. पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन, तीन-तीन दिवस येत नाही. सौर पॅनेल बसवले तरी जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं, म्हणून बॅटरी जरा मोठी घ्यावी लागेल आणि त्या दोन महिन्यांत टॅबचा वापर आठवड्यातून दोनच दिवस ठेवायचा, असं वेळापत्रक बाईंनी आत्ताच करून ठेवलं आहे. दमटपणाने यंत्रं खराब होतात, उंदीर वायरी कुरतडतात. त्यासाठी रबराची पट्टी लावलेलं, आतच चार्जिंगची सोय असलेलं लोखंडी कपाट हवं.

संगमनेरच्या दुकानांतून दरपत्रकं आणून हिशेब केला तो असा. सौर पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून ८५,००० रुपये. एकाच बनावटीचे आठ टॅब, १२,००० प्रमाणे ९६,०००. छोटा संगणक, राउटर, मेमरी कार्ड, रेकॉर्डर आणि स्पीकर १२,०००. वायरचे आठ हेडफोन ४,०००. कपाट १५,०००. आणि तीन वर्षांचा दुरुस्ती निधी ६०,०००. एकूण २,७२,००० रुपये. यातले ४०,००० ग्रामपंचायत देते आहे. वाडीने घरटी वर्गणी काढून ३२,००० जमवले, त्यात भाताचे पैसे हातात येताच आणून देणारी घरं आहेत. उरले २,००,०००. शाळेला मिळणारं वार्षिक संयुक्त अनुदान आमच्या पटाला जास्तीत जास्त २५,००० रुपये असतं. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ डागडुजी भागवतानाच ओढाताण होते.

दुरुस्ती निधीची रक्कम पाहून काहींनी विचारलं, की एवढे पैसे आधीच का हवेत. याचं उत्तर त्या दुसऱ्या शाळेच्या कपाटात आहे. टॅबची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, हेडफोनची वायर त्याआधी तुटते, आणि त्या वेळी देणगीदार शोधत बसलं तर यंत्र बंदच राहतं. राजूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचाच एक माजी विद्यार्थी दर दोन महिन्यांनी येऊन सगळं तपासून द्यायला तयार झाला आहे. तो मजुरी घेणार नाही म्हणतो, पण सुट्या भागांचे पैसे तरी त्याला मिळायलाच हवेत.

वस्तू द्यायची असेल तर एक विनंती आहे. घरातले जुने, बॅटरी फुगलेले, वेगवेगळ्या बनावटीचे फोन कृपया पाठवू नका. प्रत्येकाचा चार्जर वेगळा, भाग वेगळे, आणि बिघडल्यावर तो कचरा डोंगरातून खाली न्यायची सोय आमच्याकडे नाही. टॅब द्यायचा असल्यास आधी बनावट विचारून घ्या. टीव्ही, प्रोजेक्टर नको, एक टीव्ही शाळेत आहे आणि तो पुरतो.

पैशाइतकीच वेळाचीही गरज आहे. संगमनेर किंवा नाशिकच्या तंत्रनिकेतनातले, अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुट्टीत चार दिवस येऊन छोटा संगणक बसवून देतील आणि सर-बाईंना तो हाताळायला शिकवतील, तर फार मोठं काम होईल. राहण्या-जेवण्याची सोय वाडीत होईल, भाकरी आणि हुलग्याचं पिठलं नक्की.

रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यातच जमा करावी. हे खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा फोनवर पैसे पाठवू नयेत. खात्याचा तपशील मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावा, प्रत्येक रकमेची पावती मिळेल. जमाखर्च शाळेच्या फलकावर लागेल आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. वर्ष सरल्यावर कोणत्या मुलाचं वाचन कुठे होतं आणि कुठे आलं, याची बाईंनी ठेवलेली नोंद, मुलांची नावं न घालता, देणगीदारांना पाठवू. वाचन सुधारलं नसेल तर तेही त्यात लिहिलेलं असेल.

सौर पॅनेलचं काम पावसाच्या आधी, मे महिन्यात उरकायचं आहे. त्यामुळे एप्रिलअखेरपर्यंत मदत पोचली तर जूनमध्ये शाळा उघडताना सगळं जागेवर असेल. पाचशे रुपयांत एक हेडफोन येतो, तेव्हा रक्कम लहान म्हणून कोणी मागे राहू नये.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
शाळा व्यवस्थापन समिती