स्लॅबचे पैसे यंदा येणार नाहीत

२ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी वाईट बातमी सांगतो. स्लॅबसाठी दर महिन्याला आठ हजार पाठवत होतो, ते या महिन्यापासून डिसेंबरपर्यंत पाठवता येणार नाहीत. मी बरा आहे, नोकरी आहे, कुणाशी भांडण नाही. कंपनीचं नुकसान झालं, त्यात चूक माझी होती, म्हणून सहा महिने अर्धा पगार घ्यायचं मीच कबूल केलं. या पावसाळ्यात टिनांवर ताडपत्री टाकूनच भागवावं लागेल. फोनवर सांगायला गेलो असतो तर आई, तुझा आवाज भरून आला असता आणि मी अर्ध्यातच "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहून राहिलो.

झालं ते असं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने यंदा सभासदांना सोयाबीनचं बियाणं दिलं. ११२ कास्तकार, ३० किलोच्या १८० बॅगा. फेब्रुवारीत उगवणशक्ती ७४ टक्के आली होती, नियमाने ७० लागते. नंतर सगळा उन्हाळा तो माल टिनाच्या गोदामात होता आणि जागा पुरेना म्हणून थप्पी उंच लावायला मीच सांगितलं. सोयाबीनचा दाणा किती नाजूक, हे बाबा तुम्हीच मला शिकवलं. साल पातळ, अंकुर सालीला लागूनच, पोतं जोरात आपटलं तरी मार बसतो. त्यावर आपल्याकडचा मे महिना. वाटपाआधी पुन्हा तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही.

२८ मे रोजी एक सभासद मावशी ऑफिसात आल्या. काखेत गोणपाटाची ओली गुंडाळी. टेबलावरचे कागद हाताने बाजूला सारून त्यांनी ती उलगडली. दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे. काहींना पांढरे, वळलेले मोड आलेले. बाकीचे फुगून बुळबुळीत झालेले, बोट लावलं की साल सुटून येत होती. आंबट वास सुटला होता. मावशींनी एकेका मोडावर बोट ठेवून माझ्यासमोर मोजलं. "त्रेचाळीस हाये भाऊ. घरी दोनदा मोजले म्या."

मी त्याच दिवशी चार वेगवेगळ्या बॅगांमधले दाणे काढून गोणपाटात ठेवले. सहाव्या दिवशी मोजले. सगळ्यात चांगला नमुना ५१ चा.

त्या सहा दिवसांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. खात्री करूनच बोलू, उगाच लोकांना घाबरवायचं कशाला, असं म्हणत मी गप्प बसलो. तेवढ्यात एक पाऊस पडून गेला आणि विहीर-तुषार असलेल्या चार जणांनी पेरून टाकलं. "थांबा, तपासणी चालू आहे, दोन-चार दिवस पेरू नका" एवढं २८ तारखेलाच सांगितलं असतं तर ती चार वावरं वाचली असती. आकडा पक्का नव्हता हे खरं, पण थांबा म्हणायला आकडा लागत नव्हता.

संचालकांची बैठक झाली. दोघांचं म्हणणं पडलं, पाऊस पडू द्या, ज्याचं निघणार नाही त्याचं पाहून घेऊ. ती माणसं वाईट नाहीत. १८० बॅगांचे पैसे परत करायचे म्हणजे साडेपाच लाखांच्या घरात जातं, कंपनीकडे तेवढी शिल्लक नाही. पण मला २०२० चा जून आठवत होता. त्या वर्षी राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली होती, त्यात आपलंही वावर होतं. बाबा, तुम्ही बिल, रिकामी पिशवी आणि टॅग घेऊन तालुक्याला चकरा मारत होता. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत तणच वर आलं. दुकानदार पंधरा दिवस फोन उचलत नव्हता. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, "बियाणं खराब निघते, समजू शकतो. पण ह्यानं फोन तर उचलावा." मी हे वाक्य बैठकीत तसंच सांगितलं. आणि हिशोब मांडला: पेरणीआधी कळलं तर कास्तकाराची एक बॅग जाते, तीही आपण भरून देऊ. पेरणीनंतर कळलं तर बियाणं, खत, ट्रॅक्टर, मजुरी आणि मृगाचा पाऊस जातो. तो पाऊस आपण कुठून भरून देणार? अध्यक्ष बराच वेळ छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "चाल, मी येतो संगं."

व्हॉट्सअॅपच्या गटासाठी ऑफिसातल्या पोराने मजकूर लिहिला: 'काही तांत्रिक कारणास्तव सदर लॉटच्या उगवणक्षमतेत तफावत आढळून आली आहे.' मी तो पुसला. आपल्या शेजारच्या तात्यांना हे वाचून काय कळलं असतं? मी लिहिलं: 'आपण दिलेलं सोयाबीन पेरू नका. शंभरातले जेमतेम पन्नास उगवतात. चूक आमची आहे. बॅग परत आणा, पैसे घ्या किंवा दुसरं बियाणं घ्या. आज संध्याकाळपासून आम्ही गावोगावी येतो.'

निघण्याआधी ताईला फोन केला. दवाखान्यात रोज कुणा ना कुणाला वाईट बातमी सांगावी लागते, तिला विचारावं म्हटलं. ती म्हणाली, कॅन्सरच्या रुग्णांशी बोलण्यासाठी डॉक्टरांनी सहा पायऱ्यांची एक रीत बसवली आहे, २००० साली ती छापून आली, स्पाइक्स म्हणतात तिला. आधी नीट बसायला जागा. मग समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं, किती ऐकायची तयारी आहे ते पाहायचं, साध्या शब्दांत सांगायचं, तो रडला-चिडला तर ते होऊ द्यायचं, आणि शेवटी पुढे काय करायचं ते दोघांनी ठरवायचं. ताई म्हणाली, "लोकं पाचवी पायरी गाळतात. माणूस रडायला लागला की घाईघाईने उपाय सांगत सुटतात. तू तसं करू नको."

दोन दिवसांत सात गावं केली. संध्याकाळी, पारावर, माणसं वावरातून आल्यावर. मावशींचं गोणपाट बरोबर नेलं होतं. एका गावात एक जण ओरडला, "आमच्याच कंपनीनं आमचीच वाट लावली!" अध्यक्ष उत्तर द्यायला निघाले, मी त्यांचा हात धरला. तो माणूस पाच मिनिटं बोलला, सगळं बरोबर बोलला. मग स्वतःच खाली बसला आणि विचारलं, "बदली बियाणं कवा देता?"

पेरून बसलेल्या चौघांकडे मी एकटा गेलो. त्यातला एक वावरातच होता, तीन एकर. त्याने तासावर उकिडवं बसून बोटाने माती उकरली, एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कुजलेला. पुढे सरकून दुसरा काढला. तिसरा. दहा-बारा दाणे झाले असतील. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. तळहात तसाच धरून बसलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "दुबार पेरणीचा खर्च कोन देईन?" मी म्हटलं बियाणं आणि ट्रॅक्टर कंपनीकडे, हे ठरलं आहे. खताचं मला आज सांगता येत नाही, सोमवारी सांगतो. सोमवारी फोन केला. खताचे अर्धेच पैसे मंजूर झाले होते, तेच सांगितलं. तो नाराज झाला, पण फोन त्याने उचलला.

शिकताना आम्हाला १९८२ ची एक गोष्ट सांगायचे. अमेरिकेत शिकागोच्या भागात टायलेनॉल या दुखण्याच्या गोळीत कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं मेली. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, जाहीर सांगितलं की गोळी घेऊ नका. त्यांची चूक नसताना त्यांनी हे केलं. आमची तर होती.

१६१ बॅगा परत आल्या. थोड्यांनी बीजप्रक्रिया करून, म्हणजे बियाण्याला औषध चोळून ठेवलं होतं, त्यांचीही आम्ही भरपाई दिली. आठ सभासद कंपनी सोडून गेले. जाऊ नका म्हणायला मला तोंड नव्हतं.

आता तुमच्याबद्दल. आजी गेली तेव्हा तुम्ही मला पुण्याला फोन केला होता, "आजीची तब्येत जास्त आहे, निघ." मी रात्रभर बसमध्ये ती वाचावी म्हणून देवाचं नाव घेत होतो. पहाटे कारंज्याला गाडी थांबली तेव्हा तिच्यासाठी डाळिंबं घेतली. घरासमोर तिरडी बांधत होते आणि माझ्या हातात डाळिंबांची पिशवी होती. आपल्याकडे अशीच रीत आहे, पोराला प्रवासात धक्का नको म्हणून. तुमची माया मला कळते. पण ती रात्र मला आजीसाठी रडायला हवी होती.

आणि बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही बंडीवरून पडला, हे मला दीड महिन्याने शेजारच्या पोराकडून कळलं. आई रोज फोनवर "मजेत आहो" म्हणत होती. मी रागावलो नाही. पण आता मी पैशाचं सगळं उघड सांगितलं, तसं तुम्हीही सांगा. खांदा वर किती उचलता येतो? एक्स-रे काढला की नुसता लेप लावून बसला? शुगर शेवटची किती होती? आई, तू कागदांचे फोटो काढून ताईला पाठव, यावेळी "नेट चालत नाही" म्हणू नको.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. ताडपत्री इथून घेऊन येतो, दारव्ह्याला महाग पडते. टिनांवर बाबांनी चढू नये, मी आल्यावर टाकू.

तुमचा,
धाकला