वाईत आम्हाला पत्ता मिळवून देणाऱ्या पोस्टमनकाकांना

आदरणीय पोस्टमनकाका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायचे म्हटलं की तुम्ही "आसू द्या वो ताई" म्हणता आणि सायकलला टांग मारता. म्हणून पत्र लिहिते आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचं एक पत्र यावं, असंही मनात होतं. ते उघड लिहिते आहे, कारण परक्या गावात घर शोधणाऱ्या माणसाला कशी मदत करावी हे तुमच्याकडून चार जणांना कळलं तर मला आवडेल.

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देणार होता. बाबा म्हणाले, "काही वर्षं भाड्याच्याच घरात काढायची ना? मग वाईत काढू." वाईशी आमचं नातंगोतं काही नाही. बाबांची ओळख होती ती मराठी विश्वकोशाशी. १९७६ साली पहिला खंड आला तेव्हापासून ते पगारातून बाजूला काढून एकेक खंड घेत आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या गावात बसून हे एवढं काम उभं केलं, त्या गावात राहायचं ही त्यांची जुनी इच्छा. माझं काम लॅपटॉपवर, घरून. अडण्यासारखं काही नव्हतं.

अडलं ते घरापाशी. "फॅमिली आहे का?" हा पहिला प्रश्न. मी आणि वडील, असं सांगितलं की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प व्हायचा आणि मग "घरात विचारून सांगतो" म्हणायचा. नदीकाठच्या काही घरांना सिनेमाच्या शूटिंगवाल्यांचे पैसे मिळतात, काहींना पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे शनिवार-रविवारचे पाहुणे परवडतात. त्यांना बारा महिन्यांचं बिऱ्हाड नको असतं. त्यात त्यांची काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. एका एजंटाने मात्र घर दाखवण्याआधीच महिन्याच्या भाड्याएवढं कमिशन मागितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "चल, परत जाऊ."

परत जायच्या आधी पोस्टात डोकावलो, कारण बाबांचं ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेतलं खातं इथल्या पोस्टात आणता येतं का ते विचारायचं होतं. तिथे तुम्ही भेटलात. निवृत्त झाला होतात, तरी बाकावर बसून एका आजींचा फॉर्म भरून देत होतात. आमचाही फॉर्म तुम्हीच हातात घेतलात आणि पत्त्याच्या ओळीपाशी थांबून वर बघितलंत. मी खरं ते सांगितलं. तुम्ही फॉर्मची घडी घालून बाबांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ह्यो नंतर भरू. आधी घर बघू."

काका, मी आजवर मुंबईच्या बाजूला बरीच घरं बदलली. पण घर बघायला मला शिकवलं ते तुम्ही. "दुपारी बघू नगा, सकाळी नळाला पाणी येतं तवा बघा. पाण्याला धार किती, टाकी कुणाची, मोटर कोण चालू करतं, सगळं कळतं." जुन्या वाड्यात तळमजल्याच्या खोलीत शिरलात की तुम्ही आधी भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीला हात फिरवायचात. पोपडे हाताला लागले की बाहेर. वरचा मजला कोरडा असला तर जिना बघायचात, आणि लाकडी जिना उभा असला तर बाबांकडे बघून मान हलवायचात. विजेचा मीटर वेगळा आहे की सबमीटर, आणि सबमीटर असला तर युनिटला दर काय लावतात, हे मी विचारायच्या आत तुम्ही विचारलेलं असायचं.

एक गोष्ट तर पोस्टमनशिवाय कुणी सांगूच शकलं नसतं. मला आवडलेलं एक घर होतं, नुकता रंग दिलेलं, भाडंही बेताचं. तुम्ही आतही आला नाहीत. बाहेरच्या बाहेर म्हणालात, "ज्या दारावर दर वर्षाला पाकिटावर नवं नाव येतं, त्या दाराला आपण लांबनं नमस्कार करायचा." भाडेकरू का टिकत नाहीत याचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं लोकांची सुखदुःखं पिशवीतून वाहिलीत, पण कुणाच्या पत्रात, मनीऑर्डरीत काय होतं यातलं अवाक्षरही तुमच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. तुमच्यावर माझा भरवसा बसला तो त्यामुळे.

गणपती आळीतल्या एका खिडकीत माझा जीव गुंतला होता. समोर घाट, घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ, पलीकडे कृष्णा. तुम्ही मला देवळाच्या मागच्या बाजूला नेलंत. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे हे वाचून माहीत होतं. ती तशी का, हे तुम्ही नदीकडे बोट दाखवून समजावलंत. पुराचं पाणी त्या निमुळत्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून १७६२ साली रास्त्यांनी देऊळ बांधतानाच ही सोय केली. "पावसाळ्यात धोम धरणातनं पाणी सोडलं की ह्या पायऱ्या दिसत न्हाईत. देवाला रास्त्यांनी भिंत घालून दिली. तुमच्या वडलांना कोण घालणार?" बाबा हसले. मी खिडकीचा नाद सोडला.

आणि मग तुम्ही आम्हाला मावशींच्या घरी आणलंत. नदीपासून दूर, चढावरच्या आळीत, दोनच पायऱ्या, मागे तुळस आणि धुणं वाळत घालायला दोरी. मावशी एकट्या राहतात, मुलगा परगावी. त्यांनीही विचारलं, "मुंबईची माणसं, ओळख ना पाळख. कशी ठेवू?" तुम्ही म्हणालात, "माझी ओळख आहे की." आपली भेट होऊन किती दिवस झाले होते तेव्हा! तुम्ही बाबांचं पासबुक पाहिलं होतं, आमच्याबरोबर उन्हातून हिंडला होतात, बाकी आमच्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक होतं? तरीही इतक्या वर्षांत या गावात कमावलेली ओळख तुम्ही आमच्या पाठीशी उभी केलीत. काका, शहरात डिपॉझिट देता येतं, पगाराच्या स्लिपा देता येतात. हे कुणी देत नाही.

पण माझे आभार याहून मोठ्या गोष्टीसाठी आहेत. तुमच्या शब्दावर मावशी इतक्या निर्धास्त झाल्या की म्हणाल्या, "आता कागद कशाला? शब्द पुरे." मलाही तेच बरं वाटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. "शब्द माझा हाय, घर तुमचं हाय. मी उद्या नसलो तर?" असं म्हणून तुम्ही दोघींनाही समोर बसवलंत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदवला नाही तर दंड किंवा तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. मावशी घाबरल्या, तर तुम्ही लगेच दुसरी बाजू मांडलीत. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे कागद तुमच्याच भल्याचा. एकूण भाड्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवायचं, त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये. हा हिशेब तुम्ही पाकिटाच्या मागच्या बाजूवर करून दाखवलात. आपण इतकी वर्षं कशाला घाबरत होतो, असं मावशींनाच वाटलं.

करारात काय लिहायचं तेही तुम्हीच आठवण करून दिलंत. सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस. डिपॉझिट कधी परत. पावसाळ्याआधी कौलं शाकारायचा खर्च कुणाचा. राहायला आलो त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग. बोटांचे ठसे घ्यायला मशीनवाला मुलगा घरी आला आणि मावशींचा अंगठा काही उमटेना. कामाने रेषाच झिजलेल्या. मुलगा कंटाळला, तुम्ही नाही. ओल्या रुमालाने मावशींचे हात पुसून, पुन्हा कोरडे करून, बोटांमागून बोटं लावून बघितलीत. साक्षीदार म्हणून सही केलीत, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवून घेतलीत आणि चहा घेऊन निघालात. मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला, म्हणून पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यानंतर गाव आपोआप उघडत गेलं. भाजीवाल्या ताई कोथिंबिरीची जुडी वरून टाकतात. बाबा सकाळी घाटावर जातात आणि दोन तास येत नाहीत, कारण वाटेत बोलायला माणसं भेटतात. माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, एकेका घाटावर देवी बसली, तेव्हा मावशींनी मला हाताला धरून पंगतीत नेलं आणि सगळ्यांना "आमच्या घरातली" म्हणून सांगितलं.

बाबांना सगळ्यात जास्त आनंद दिलात तो पिन कोडच्या गप्पांनी. वाई सातारा जिल्ह्यात, पण साताऱ्याचा कोड ४१५ ने सुरू होतो आणि आपला ४१२८०३, पुण्याकडच्या गावांसारखा, हे बाबांच्या लक्षात आलं होतं. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचे, जिल्ह्याच्या सीमेशी त्यांचं देणंघेणं नाही, हे तुम्ही सांगितलंत. मग बाबांनी तुम्हाला सांगितलं की १५ ऑगस्ट १९७२ ला हा पिन कोड ज्यांनी देशाला दिला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. तुम्ही दोघं त्या संध्याकाळी दिवेलागण झाली तरी ओट्यावरून उठला नाहीत. आई गेल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात कॉलेजात नव्याने लागलेली एक मुलगी घर शोधत आमच्या दारात आली. मी तिला सकाळी पाण्याच्या वेळी बोलावलं, बरोबर हिंडले, भिंतींवर हात फिरवला. पाकिटांवरची नावं मात्र मला ठाऊक नाहीत. तेवढ्यासाठी तिला तुमच्याकडे पाठवते आहे.

करार अकरा महिन्यांचा. मुदत संपत आली. मावशी म्हणाल्या, "आता तरी कागद राहू दे, तू का परकी आहेस?" मी त्यांना तुमचंच वाक्य ऐकवलं, आणि त्यांनी मुकाट्याने आधार कार्ड काढून ठेवलं. या वेळी ओला रुमाल मी तयार ठेवते. साक्षीदाराची सही तुमची लागेल. येत्या रविवारी सकाळी या, काकींनाही घेऊन या. जेवायला थांबायचं आहे. पुरणपोळी करते आहे, आणि बाबांनी तुमच्यासाठी विश्वकोशाचा एक खंड खूण घालून ठेवला आहे.

तुमची,
चढावरच्या आळीतली ताई
वाई ४१२८०३