आमच्याच पत्त्यावरून आलेल्या ईमेल आणि आपण केलेली मदत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव न छापण्याच्या अटीवर हे पत्र जाहीर करण्यास आपण संमती दिलीत, त्याबद्दल वाचनालयाच्या कार्यकारिणीतर्फे प्रथम आपले आभार मानते. असा प्रसंग उद्या कोणत्याही छोट्या संस्थेवर येऊ शकतो, म्हणून आपण काय केलेत ते जरा सविस्तर लिहीत आहे.

वाचनालयाच्या अधिकृत पत्त्यावर एक धमकीची ईमेल आली आणि पाठवणाऱ्याच्या जागी आमचाच पत्ता होता. तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे, पुरावा हवा असेल तर ही ईमेल कोणाच्या खात्यातून आली ते पाहा आणि बिटकॉइनमध्ये पैसे भरा, असा तिचा आशय. पाठोपाठ, आम्ही कधीच न पाठवलेल्या ईमेल ‘पोहोचवता आली नाही’ अशा शेऱ्यासह परत येऊ लागल्या, आणि काही सभासदांनी वाचनालय औषधांच्या जाहिराती का पाठवते, अशी विचारणा केली. जुना पत्ता बंद करून नवा घ्यावा, असा ठराव बैठकीत जवळजवळ मंजूर झाला होता.

आपण तो थांबवलात आणि सर्वांत आधी त्या ईमेलचे मूळ रूप उघडायला सांगितलेत. ‘रिसीव्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या असतात. खालच्या ओळी भामटा स्वतःच घुसडू शकतो, पण आपल्या ईमेल सेवेने वरच्या बाजूला नोंदवलेल्या ओळीवर विश्वास ठेवता येतो, हे आपण त्या ओळींवर बोट ठेवून समजावलेत. त्या ओळीतल्या सर्व्हरचा आमच्या सेवेशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही आपण तेवढ्यावर निर्धास्त झाला नाहीत. खात्यात कोठून कोठून प्रवेश झाला त्याची यादी आपण तपासलीत, ईमेल परस्पर दुसरीकडे वळवणारा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का ते पाहिलेत, पासवर्ड बदलून घेतलात आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करून दिलीत. घरफोडी झालेली नाही, केवळ नाव वापरले गेले आहे, असे आपण सांगितलेत ते त्यानंतरच. ‘सेंट’मध्ये काही दिसत नाही एवढ्यावरून हा निष्कर्ष काढू नये, कारण आत शिरलेला चोर तिथले पुसूही शकतो, ही आपली सूचना आमच्यापैकी बहुतेकांना नवी होती.

मग हे मुळात शक्य कसे होते? ईमेल पोहोचवण्याची जी पद्धत आजही चालते, तिचा पाया १९८२ साली एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संस्थांच्या जाळ्यासाठी घातला गेला, आणि पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, तसेच हे. शिवाय ईमेलला पाठवणाऱ्याचे असे दोन पत्ते असतात: एक सर्व्हर आपापसांत वापरतात तो आणि दुसरा वाचणाऱ्याला दिसतो तो. हे दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असे बंधन नाही, आणि सारी गोम तिथेच आहे.

आपल्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, वतीने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनविषयीच्या इंटरनेटवरील सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर करणारी एसपीएफ ही नोंद आपण प्रथम करून घेतलीत. परंतु ती फक्त पहिला पत्ता तपासते; म्हणून ईमेलवर डिजिटल सही करणारे डीकिम आणि वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एकाने तरी पडताळलेल्या डोमेनशी जुळतो का हे पाहायला लावणारे, २०१२ मध्ये जाहीर झालेले डीमार्क, हे दोन्ही त्यासोबत आवश्यक ठरले.

बनावट ईमेल नाकारण्याचा कडक नियम त्याच दिवशी लावा, असा आमचा आग्रह होता. आपण शांतपणे नकार दिलात, डीमार्क नुसते निरीक्षणाच्या पातळीवर ठेवलेत आणि मोठ्या ईमेल सेवांकडून येणारे अहवाल वाचत राहिलात. एक्सएमएल या संगणकासाठीच्या मांडणीतले ते अहवाल रटाळ असतात, हे आपले म्हणणे मी अनुभवाने मान्य करते! त्यांतूनच उघड झाले की वर्गणीच्या पावत्या आमच्या सर्व्हरवरून जातच नाहीत, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कंपनी त्या आपल्या सर्व्हरवरून आमच्या नावाने पाठवते. घाई केली असती तर भामट्यांच्या ईमेलबरोबर सभासदांच्या पावत्याही अडल्या असत्या. आपण त्या कंपनीकडून आमच्या डोमेनसाठी डीकिमची किल्ली मिळवलीत, डीएनएसमध्ये नोंदवलीत, पावत्या तपासणीत उत्तीर्ण होत असल्याची खात्री केलीत आणि नंतरच नियम आधी ‘क्वारंटाइन’ (संशयित ईमेल बाजूला टाका) व शेवटी ‘रिजेक्ट’ (ती नाकारा) असा कडक केलात. हा क्रम माझ्या मते आपल्या मदतीतला सर्वांत मोलाचा भाग होता.

धमकीला उत्तर द्यायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत आणि परत आलेल्या ईमेलमधल्या दुव्यांवर टिचकी मारायची नाही, ही सूचना आपल्याच शब्दांत आम्ही सभासदांना पाठवली. कोणी पैसे दिलेच असतील तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, हेही तिच्यात होते.

आपण कोणतेही अवास्तव आश्वासन दिले नाहीत, याचा विशेष उल्लेख करायला हवा. आमच्या डोमेनमधले एखादे अक्षर बदलून घेतलेले नवे डोमेन, किंवा नाव वाचनालयाचे आणि पत्ता भलताच असलेली ईमेल, यांना डीमार्क अडवू शकत नाही, आणि पडताळणीच न करणारे सर्व्हर जगात आहेतच. त्यामुळे बनावट ईमेल पूर्ण थांबलेल्या नाहीत, पण परत येणाऱ्या ईमेलचा लोंढा ओसरला आहे आणि सभासदांच्या तक्रारी बंद झाल्या आहेत.

जुन्या ग्रंथमहोत्सवासाठी घेतलेल्या, सध्या वापरात नसलेल्या डोमेनवरही ‘येथून कोणतीही ईमेल पाठवली जात नाही’ अशी नोंद करावी, हे आपण जाता जाता सुचवले होते. ती नोंद झाली आहे. सवडीने एकदा तपासून द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
सचिव, वाचनालय कार्यकारिणी