सोन्या का खेळत नाही, बाबा

क्लीव्हलंड
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाला मेल केलंय. तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल, तेव्हा बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं मोबाईलवर वाचत बसू नका. फोनवर सांगायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणून आईकडे फोन देता. (व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे सांगून मी थकले.) म्हणून लिहायला बसले.

आधी मुद्द्याचं सांगते. सोन्या २२ डिसेंबरच्या सहस्रचंद्राला सांगलीला येणार नाही. मी १८ ला पोचते, एकटीच. हे इथेच थांबतायत. सोन्याच्या कॉलेजचा २१ ला बास्केटबॉलचा सामना आहे, २२ ला तो घरी येईल आणि २६ ला संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिसला हजर व्हायचंय. क्लीव्हलंड ते मुंबई, मुंबई ते सांगली, नुसतं जाण्यात दीड दिवस मोडतो आणि येण्यात दीड. पोरगं सुट्टीला घरी येणार आणि दाराला कुलूप, हे मला बघवणार नाही, म्हणून ह्यांनाच मी थांबा म्हटलं. तिकिटांचं सगळं बघून झालं, कोचशीही सोन्या बोलला, आणि मग आम्ही तिघांनी मिळून हे ठरवलंय. तुमच्यापेक्षा बास्केटबॉल मोठा झाला असं कृपा करून मनात आणू नका. मुहूर्त साडेदहाचा म्हणजे इथले रात्रीचे बारा. सामना संपवून तो जागा राहील आणि व्हिडिओवर तुम्हाला नमस्कार करेल. ८१ दिव्यांनी ओवाळताना फोन कुठे ठेवायचा ते दादाला समजावलंय.

आई, तू विचारलंस ना, "खेळतच नाही तर सुट्टी का देत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. आणि बाबा, तुम्ही त्या दिवशी गमतीनं "राखीवातला राखीव" म्हणालात, तेव्हा फोन स्पीकरवर होता. तो हसला. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. पण तुम्ही पहाटे साडेपाचला कानटोपी घालून त्याच्यासाठी सामना लावता, आणि तो तुम्हाला ट्रॅकसूटमध्ये नुसता टाळ्या वाजवताना दिसतो, तर त्यामागचं सगळं तुम्हाला नीट कळायला हवं.

शिक्षा नाही. दुखापतही नाही. आई, त्याचा गुडघा ठणठणीत आहे, गणपतीला नारळ बोलली असशील तर आनंदानं फोड. त्याला ‘रेडशर्ट’ केलंय. इथे कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार सीझन खेळता येतात. पहिलं वर्ष तो संघाबरोबर सराव करतो, व्यायाम करतो, मीटिंगला बसतो, पण सामन्यात उतरत नाही. म्हणजे त्याचा एकही सीझन खर्ची पडत नाही, चारही पुढे शाबूत राहतात. मात्र एक मिनिट जरी उतरला तरी ते वर्ष मोजलं जातं. म्हणूनच संघ तीस गुणांनी पुढे असताना शेवटच्या मिनिटालाही त्याला सोडलं नाही, ज्यावरून तुम्ही दादाला सकाळी सकाळी झोपेतून उठवलंत.

तुमचं गणितही ऐकलं मी. सामना चाळीस मिनिटांचा, एका वेळी पाच जण, म्हणजे कोचच्या हाती वाटायला दोनशे मिनिटं, पोरं पंधरा, तर प्रत्येकी तेरा मिनिटं वीस सेकंद. बँकेत ठीक आहे हे, बाबा. कोच असे वाटत नाहीत. आठ, फार तर नऊ जणांना आलटूनपालटून घेतात आणि उरलेले बसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात दुबळ्या संघांशी सामने ठेवलेले असतात, तेव्हा फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांना चार-पाच मिनिटं सोडून बघतात. जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी, सामने सुरू झाले की हरणं परवडत नाही, मग तीही मिनिटं आटतात. एखाद्याला लवकर तीन-चार फाउल लागले तर नव्याची सोय होते. पाचव्या फाउलला माणूस बाहेर, हे तुम्हाला आता पाठ आहेच.

आणि मिनिटं सामन्यात ठरतच नाहीत, प्रॅक्टिसमध्ये ठरतात. ऑक्टोबरात पालकांना बघायला बोलावलं होतं तेव्हा मी वरच्या बाकावर बसले होते. सोन्या लांबून टाकतो ते बघत राहावं असं, तीन गुणांचे लागोपाठ चार पडले. मी कौतुकानं इकडेतिकडे बघतेय तोवर शिट्टी. चेंडू पलीकडच्या बाजूला होता, हा चेंडूकडे टक लावून उभा, आणि ह्याचा माणूस पाठीमागून सरळ बास्केटखाली निसटला. कोच ओरडला नाही. त्यानं सोन्याला जिथे होता तिथेच थांबवलं आणि दोन्ही हात ताठ करायला लावले, एक बोट चेंडूकडे, दुसरं बोट आपल्या माणसाकडे, आणि मान अशी की दोन्ही दिसले पाहिजेत. बाकीचे चौदा जण बघतायत. मग चेंडू फिरवला, आणि प्रत्येक पासला ह्यानं बोटं रोखून सरकायचं. सहा फूट पाच इंचांचं माझं लेकरू बालवाडीच्या कवायतीसारखं हात पसरून सरकत होतं. मला पोटात कसंतरी झालं. पण तुम्ही असता तर तुम्हाला पटलं असतं, बाबा. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की चढाईवाला तिथूनच निसटतो म्हणायचात ना, तेच आहे हे. शाळेत ह्याची उंची आणि नेम पुरून उरायचा, साखळी धरायची वेळच आली नाही. इथे सगळेच उंच.

शिवाय वय. समोरच्या संघांत तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये आहेत, थट्टा नाही. कोविडच्या २०२०-२१ च्या सीझनमध्ये जे खेळले त्यांना एक वर्ष जादा मिळालं, त्यातले शेवटचे यंदा खेळतायत. त्यात आता कॉलेज बदललं तर वर्षभर बसायची अट उरली नाही. त्यामुळे कोच शाळेतून आलेल्या पोराला घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून तयार गडी आणतात. सोन्या ८२ किलो, आणि हे शंभर-शंभर किलोचे. अठराव्या वर्षी त्यांच्या खांद्याला खांदा लावायला सोडायचं, तर पोराची हाडं आई म्हणून मला मोजावी लागतील.

तुम्ही त्या ड्यूक कॉलेजच्या कूपर फ्लॅगचं म्हणाल. म्हणताच. अजून अठराही पूर्ण नाहीत आणि सगळा सामना खेळतो. खेळतो, पण तसा पोरगा दहा वर्षांत एखादा निघतो, आणि त्याच्या कोचला माहीत आहे की तो एका वर्षात एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जाणार. बसवून ठेवून करायचं काय? त्या केंटकीविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटी त्याच्या हातून चेंडू गेला तेव्हा तुम्हीच "अजून कच्चा आहे" म्हणालात. तेवढी चूक सोसायची तयारी कोचची त्याच्या बाबतीत असते, आपल्याच्या बाबतीत नसते. वाईट वाटतं, पण तसं आहे.

त्यापेक्षा डीआन्ड्रे हंटरचं बघा. व्हर्जिनिया कॉलेजचा कोच टोनी बेनेट, त्यानं त्याला २०१६-१७ चं पूर्ण वर्ष असंच बसवलं. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याच हंटरनं २७ गुण केले आणि व्हर्जिनिया विजेता झाला. व्हिलानोव्हाच्या मिकाल ब्रिजेसलाही पहिलं वर्ष बसवलं होतं, पुढे तो दोनदा विजेत्या संघात होता. आणि करीम अब्दुल-जब्बार तर तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या काळी पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात घेतच नसत, तो नियम १९७२ मध्ये गेला. १९६५ ला तो यूसीएलए कॉलेजच्या फ्रेशमन संघात होता, आणि त्या पोरांनी स्वतःच्याच कॉलेजच्या मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं. मुख्य संघ म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता! तरी पूर्ण वर्ष तो मुख्य संघाबाहेरच.

हे सगळं लिहिलं म्हणजे सोन्याचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगते. असे बसलेले कितीतरी पुढेही बसलेलेच राहतात. एप्रिलमध्ये कोच दोन तयार गडी आणेल आणि ह्याची पाळी पुन्हा मागे जाईल, हेही होऊ शकतं. शिवाय हा शिष्यवृत्तीवरचा नाही, पाचवं वर्ष केलं तर फी आमचीच. ह्यांनी ते कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवलंय. पण मला त्या कोचचं एक आवडलं. घ्यायला आला तेव्हा त्यानं मिनिटांचं वचन दिलं नाही, आणि पहिल्या दोन सामन्यांनंतर पोराला समोर बसवून साफ सांगितलं की यंदा तुला तीन-चार मिनिटांसाठी वर्ष घालवायला लावणार नाही, बघ, तूच ठरव. दुसऱ्या एका कॉलेजच्या माणसानं आमच्या सोफ्यावर बसून माझे पोहे खात पहिल्या दिवसापासून खेळवतो म्हटलं होतं. तिथे गेलेल्या पोराला यंदा तीन मिनिटांचीही संधी मिळालेली नाही.

ठरवलं सोन्यानंच. रात्री फोन केला, बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "ममा, मी बसतो." रडला का विचारशील, आई. थोडा. मग जेवला.

आणि सुट्टीचं. तो बसतो ते सामन्यात, प्रॅक्टिसमध्ये नाही. उद्या ज्यांच्याशी सामना आहे त्यांचे डाव शिकून आपल्या संघासमोर तसंच्या तसं खेळायचं काम ह्या बसलेल्या पोरांकडे असतं. पलीकडचा जो सगळ्यात धोकादायक नेमबाज, तो सोन्या होतो. दर आठवड्याला नवा. आपले पाच जण त्याला अडवायला शिकतात, आणि तो त्यांना चुकवायला. हे केलं नाही तर मुख्य संघ आंधळा उतरेल, म्हणून त्यालाही सगळ्यांएवढीच रजा.

खाण्याची काळजी मुळीच नको. २०१४ ला विजेत्या कनेक्टिकट कॉलेजचा खेळाडू शबाझ नेपियर बोलून गेला की कधीकधी रात्री उपाशी झोपावं लागतं. केवढा गहजब झाला! त्याच महिन्यात नियम बदलला, आणि आता शिष्यवृत्ती असो नसो, खेळाडूला हवं तेवढं जेवण कॉलेज देऊ शकतं, आणि सोन्याचं देतं. सकाळी अंडी, दुपारी कोंबडी-भात, रात्री पुन्हा. मेतकूट आणि लसणीची चटणी मी पाठवते, चटणी त्याचा दक्षिण कोरियाचा रूममेटच संपवतो. खोलीत हीटर आहे, पांघरूण जाड आहे, आईची गोधडी वर आहे. ती तो धुवायलाही देत नाही, वास जाईल म्हणून.

बाबा, मला आठवतं, लेझीमच्या वेळी मला मागच्या रांगेत घातलं म्हणून तुम्ही सायकल काढून थेट शाळेत गेला होतात. येताना मला पुढे नळीवर बसवलं होतं आणि सबंध रस्ता एक शब्द बोलला नाहीत, फक्त मारुती चौकात उसाचा रस पाजलात. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत, आणि पुढे काय झालं ते आई अजून पाहुण्यांना सांगते. तर त्या बाईंचं जे झालं ते ह्या कोचचं करायचं नाही. इथले कोच मिनिटांबद्दल आईबापांशी बोलत नाहीत, आजोबांशी तर नाहीच. पोरानं स्वतः जाऊन विचारायचं, असा रिवाज आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

सोन्याला रोज "आज किती मिनिटं?" असा मेसेज पाठवू नका. काय शिकलास विचारा, काय जेवलास विचारा. तुमच्या चढायांच्या गोष्टी सांगा, त्या तो मित्रांना सांगतो. कऱ्हाडच्या सामन्याची पण सांगा. आता त्याला ती ऐकायचं वय झालंय.

पहाटे सामना बघायचा तर बघा, पण अंथरुणात बसून, स्वेटर घालून, गच्चीवर रेंज शोधत नाही. बीपीची गोळी सामना संपल्यावर नाही, उठल्याउठल्या घ्यायची. आई, तू लक्ष ठेव, आणि तूही कार्यक्रमाच्या नावाखाली माळ्यावरची भांडी काढायला स्टुलावर चढू नकोस. मी १८ ला येतेय, मी काढीन. स्वयंपाकाला आचारी सांगितलाय ना? तू पुरणाला हात लावायचा नाहीस, फक्त चव बघायची. लाडूही नकोत, तुझे गुडघे काय म्हणतात ते मला दादानं सांगितलंय, त्याच्यावर चिडू नकोस. माझ्यासाठी भाजणी मात्र करून ठेव, आता स्वार्थ आहे तर आहे.

मे महिन्यात सीझन नाही, परीक्षा नाही, तेव्हा सोन्या येतो, पंधरा दिवस तरी. तिकीट त्यानं स्वतःच बघून ठेवलंय. तोवर त्याची सात-आठ किलो वाढलेली असतील, तेव्हा दार वाकून ओलांडायचं त्याला आठवण करा.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, सोन्याकडून कोचचा नंबर तुम्ही घेतलाय, हे मला कळलंय. दादा हे पत्र देईल तेव्हा त्याच्यासमोर तो नंबर डिलीट करायचा.