भाच्याला सुरी देतोयस ते बरं, पण ती फोटोतली नको

बेळगाव,
रविवार, दुपार

सुन्या लेका,

तू पाठवलेला फोटो बघितला आणि खाली "कशी हाय, एक नंबर नव्हं?" असं विचारलंयस, तर नाही, अजिबात एक नंबर नाही. पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, झाकण फिरवलं की आत काड्या, सुईदोरा आणि मासे धरायचा गळ. पोरगं मराठा सेंटरला फौजेची कसम परेड करून बाहेर पडलंय, जत्रेतनं नाही. मामानं द्यायची म्हणजे मोठी, दिसायला जबरदस्त पाहिजे असं तुला वाटतंय ते कळतंय मला, पण दोन गोष्टी सांगतो, मग तू ठरव.

एक म्हणजे ज्या मुठीत एवढं सामान मावतंय ती मूठ पोकळ आहे. म्हणजे पात्याचं लोखंड मुठीत जातच नाही, तोंडाशी एका नटावर नाहीतर वेल्डवर थांबतं, आणि सगळा जोर नेमका तिथंच येतो. जरा आडवा दाब दिलास की पातं एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात. चांगल्या सुरीत पातं आणि मुठीतलं लोखंड एकाच पट्टीचं असतं, पार बुडापर्यंत, आणि दोन बाजूंनी मुठीचे पाट रिव्हेटनं बसवलेले, त्याला फुल टँग म्हणतात. बाजूनं बघितलं की लोखंडाची रेघ शेवटपर्यंत दिसते. ती दिसली नाही तर दुकानदाराला विचार, आणि तो विषय बदलायला लागला तर चहा पिऊन उठ.

दुसरं ते दात. कुठल्याही सुताराची करवत हातात घेऊन बघ, एक दात डावीकडं वाकवलेला आणि पुढचा उजवीकडं, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत अडकत नाही. ह्या सुरीचे दात सरळ रेषेत कापलेत, ओल्या फांदीत दोन बोटं गेले की फसले. वर आणि सुरी लाकडावर ठेवून पाठीवर दांडकं हाणून सरपण फोडायचं म्हटलं तर दांडकंच सोलून निघणार. पाठ सपाट पाहिजे.

आता तू म्हणशील फौजीला देतोय, लढाईचं हत्यार वाटायला पाहिजे की. अरे लढाईचं हत्यार त्याला सरकार देतंय, रायफल देतंय, तिला लावायला संगीन देतंय. मी मुद्दाम आमच्या सुभेदार काकांना विचारलं (धाकट्या चुलत्यांना, मराठातनंच रिटायर झालेत, तू ओळखतोस), की नोकरीत स्वतःची सुरी काय कामाला आली. ते हसले आणि म्हणाले, कांदा. लंगरला ड्युटी लागली की कांदा, मग टेंटची दोरी, रेशनच्या खोक्याची प्लास्टिक पट्टी, पिठ्ठूचा (पाठीवरच्या पिशवीचा) तुटलेला बंद, डबा फोडायला, तंबूची खुंटी तासायला, आणि रात्री कुणाच्या तरी बुटात गेलेला काटा काढायला. माणसावर उगारायची वेळ कधी आली नाही म्हणाले. म्हणजे ही रोजची कामाची सुरी आहे, आणि तशीच बघून घ्यायची.

म्हणून पातं चार ते पाच इंच, बस्स. सात इंचाची ती अमेरिकन मरीनवाली सुरी असते, १९४२ पासनं प्रसिद्ध आहे, दिसायला झकास, पण कांदा चिरायला नि दोरी कापायला लांब पडते आणि कंबरेला बसताना-उठताना टोचते. जाडी तीन ते चार मिलीमीटर. पाच-सहा मिलीमीटरच्या जाडजूड पात्याच्या विकतात त्या सुऱ्या नव्हेत, पहारी आहेत, त्यांनी काहीतरी उचकटता येतं पण कापता येत नाही. आणि लांबीचं कायद्याचंही आहे, आर्म्स रूल्समध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असलं की ते हत्यारांच्या यादीत येतं, शेतीची-घरातली अवजारं सोडून. पाच इंचात तू त्या भानगडीपासनं लांब राहतोस. तरी बिल डब्यातच ठेव. आणि पोरगं सांबऱ्यावरनं विमानानं गेलं तर सुरी केबिनच्या बॅगेत चालायची नाही, चेक-इनच्या सामानात टाकायला सांग, नाहीतर सिक्युरिटीला तुझी भेट कचऱ्याच्या डब्यात जाईल.

स्टीलबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या वस्तीत राहून हे नाही बोललो तर काय उपयोग. आमच्या शॉपमधल्या एका पोरानं ऑनलाइन मागवली होती, डब्यावर छापलेलं ५८ एचआरसी, म्हणजे पात्याच्या कडकपणाचा आकडा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुठीजवळचा सपाट भाग कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनखाली धरला, ते हिऱ्याचं टोक आणि दीडशे किलोचा लोड असतो ना तेच, काटा चव्वेचाळीसवर येऊन थांबला. पुन्हा घेतलं, तेच. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या सुरीनं पॅकिंगची नायलॉन पट्टी कापली तर धार नखाला लागण्याइतकी एका बाजूला मुडपली. तुला मशीन कुठनं मिळणार, पण कानस तर मिळेल, दुकानदार हो म्हणाला तर बारीक कानशीचा कोपरा पात्याच्या पाठीवर हलकेच ओढ. लोण्यासारखी खात गेली तर ठेवून दे, चांगल्या कडक पात्यावर ती बरीचशी घसरते.

स्टीलचे प्रकार तुला तीनच पुरे. १०९५ म्हणजे साधं कार्बन स्टील, साधारण ०.९५ टक्के कार्बन, धार मस्त लागते, दगडावर दोन मिनिटांत परत येते, पण गंजते, पावसात एक रात्र ओली ठेवली की सकाळी तांबूस. डी२ म्हणजे आपल्याकडं डाय, म्हणजे साचे, बनवतात तेच की रे, धार महिनोन् महिने टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणता आणता जीव जातो. आणि त्यात १२ टक्के क्रोमियम आहे म्हणून विकणारे स्टेनलेस म्हणून सांगतात, पण दीड टक्का कार्बन त्यातलं बरंच क्रोमियम स्वतःकडं ओढून धरतो, त्यामुळं तिलाही डाग पडतातच. तिसरं म्हणजे १२सी२७ नाहीतर ४४०सी, खरे स्टेनलेस. धार टिकण्यात डी२च्या मागं, पण गंजाचं टेन्शन नाही.

पोराचं पोस्टिंग कुठं लागतंय ते बघ आधी. ईशान्येकडं गेला तर तिथला पाऊस आणि दमटपणा आपल्या कणकुंबी-जांबोटीसारखाच, बूट सुकत नाहीत तिथं सुरी काय सुकणार, तिथं स्टेनलेसच. लडाखला हवा कोरडी, १०९५ पण चालेल, तेलाचा हात फिरवला की झालं. थंडीत दुसरी अडचण असते, काका म्हणत होते की वर उघडी धातू नुसत्या हाताला चिकटते, कातडं सोलून निघतं. म्हणून मूठ लोखंडी नको, चकचकीत लाकूडही नको. रबरी किंवा मायकार्टाची (कापडाचे थर राळेत दाबून केलेली), आणि जाड हातमोजा घालून धरता येईल एवढी भरदार. मुठीच्या पुढं बोट अडायला छोटासा आडवा उंचवटा पाहिजेच, ओल्या हातानं जोर लावला की बोटं पुढं पात्यावर जातात.

म्यान चामड्याचं घेऊ नकोस. दिसतं राजेशाही, वासही भारी येतो, पण ओलं झालं की पाणी धरून बसतं आणि सुरी आतल्या आत गंजते. कायडेक्सचं घे, ते कडक प्लास्टिक, टक् असा आवाज करून बसतं. उलटं धरून जोरात हलव, सुरी पडली नाही पाहिजे, पिठ्ठू घेऊन पळताना पडली तर पायातच जाईल. धार सरळ पाहिजे, अर्धी दातेरी नको, दातेरी धार त्याला बराकीत लावता येणार नाही.

गावच्या लोहाराकडनं करून घेऊया का असं मलाही वाटून गेलं, खानापूर भागात ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता असा बनवतात की बाप मेला तरी लेक वापरतो. पण कोयता वेगळा नि ही वेगळी. लोहार नजरेच्या अंदाजानं पाणी देतो, कोयत्याच्या जाड पात्याला ते चालून जातं, बारीक सुरीला मात्र तेलात विझवून नंतर वाळल्या गवताच्या फिक्या पिवळ्या रंगापर्यंत परत तापवायला लागतं, नाहीतर टोक काचेसारखं तुटतं. दोन-तीन हीट ट्रीटमेंटवाले माझ्या ओळखीचे आहेत, दिवाळीपर्यंत थांबायची तयारी असेल तर करूया, पण पोरगं थांबणार नाही ना.

बजेट कमी असलं तर लाजू नकोस, स्वीडनची मोरा म्हणून साधी सुरी येते, प्लास्टिकची मूठ, चार इंचाच्या आसपास पातं, १२सी२७. फुल टँग नाही, आतलं लोखंड अर्धवटच जातं, पण कांदा-दोरीला तिच्यासारखी नाही, आणि हरवली तर पोरगं रडणार नाही. मला विचारशील तर तीच घे आणि उरलेल्या पैशात एक चांगला दोन बाजूंचा धारेचा दगड घे. दगडाशिवाय सुरी देऊ नकोस. त्याला धार लावायला येत नसेल तर मी शिकवतो, जायच्या आधी एक दिवस उद्यमबागेत पाठव, वीस अंशाच्या आसपास पातं तिरकं धरायचं आणि दोन्ही बाजू सारख्या घासायच्या एवढंच आहे, बाकी हाताला सवय लागते.

आक्का काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, सुरी कुणी भेट देतं काय, नातं तुटतं म्हणून. त्यावर तोडगा सोपा आहे. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये लेथपासनं पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते, त्यात ही सुरी ठेवूया, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याला आक्काच्या हातानं पाटावर ठेवून त्याला उचलू दे. हातातनं हातात द्यायची भानगडच नाही. आक्का खूश, तू खूश.

एक काम मात्र विकत घ्यायच्या आधी कर. त्याला फोन लावून विचार की युनिटमध्ये स्वतःची सुरी ठेवायला देतात काय, आणि कुठल्या साइजची. सरप्राइज वगैरे बाजूला ठेव. तो नवीन अग्निवीर आहे, चार वर्षांनी पुढं जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच कायम ठेवतात, पहिल्याच महिन्यात त्याच्या पेटीतनं न विचारलेली सुरी निघून कंपनी हवालदार मेजरपुढं उभं राहायला लागलं तर ती मामाची कृपा. नको म्हणाले तर चांगला मल्टिटूल देऊया, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, छोटं पातं, त्याला सहसा कुणी नाक मुरडत नाही.

तर आज रात्रीच विचार आणि मला कळव. हो म्हणाला तर शनिवारी मी कॅम्पात जाणारच आहे, तिकडच्या दुकानात काय आहे ते हातात घेऊन बघतो, कानस खिशात ठेवून. पैसे आत्ता पाठवू नकोस, तू आलास की घेतो, आणि येताना बाकरवडी आण, मागच्या वेळी आणलेली आमच्या घरात मला सोडून सगळ्यांनी खाल्ली.

तुझा,
बाळ्या