चि. मेधास, प्रूफांसोबत

कराड

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि इकडे तुझ्या आईने संध्याकाळपर्यंत अबोला धरला. चहा तेवढा मिळाला. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो, म्हणून लिहायला बसलो. लिहिताना माणूस निदान समोरच्याचं बोलणं तोडत नाही. तुझ्या पर्मनंट नोकरीचा विषय काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय.

तुझ्या विद्यार्थ्यासाठी टाइप करायच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाचं प्रूफ झालं. स्कॅनवरून मशीनने अक्षरं ओळखली म्हणतेस, पण ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ जागोजागी आहे, आणि रफार तर सर्रास उडालेत. ‘धर्म’चं ‘घम’ झालंय, आणि समाजशास्त्राच्या पुस्तकात धर्म पानोपानी! पानाचा आकडा आणि वरच्या बाजूला छापलेलं प्रकरणाचं नाव थेट वाक्यात घुसलंय. डोळ्यांनी वाचणारा ते ओलांडून जातो, पण तुझ्या सांगोल्याच्या पोराला दिसत नाही, त्याला तो एनव्हीडीए, पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, जातिव्यवस्था सांगता सांगता मधेच ‘एकशे बारा’ म्हणणार. ते सगळं काढलं. तळटिपा प्रकरणाच्या शेवटी नेल्या आहेत.

दिवाळीत तू माझी जुनी फाइल त्या एनव्हीडीएला वाचायला लावलीस, ते डोक्यातून जात नाही. पडद्यावर स्वच्छ मराठी, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि लॅपटॉपमधून इंग्रजी अक्षरांची बडबड. जुन्या फॉन्टात दिसायला मराठी अक्षर, आत कोड इंग्रजीचा, हे मला ठाऊक होतंच. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली की काय व्हायचं ते आम्ही रोज भोगलंय. पण गिऱ्हाइकाला छापलेला कागद हवा असायचा. कागद छान निघाला की बिल करायचं. फाइल कुणी ऐकेल असं आमच्या धंद्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

वामनरावांचं तुला कधी सांगितलं होतं का? मी पेठेतल्या प्रेसमध्ये नवा होतो तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर बांधणारे. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं. केसमधला कुठला खिळा कुठल्या घरात आहे ते हाताला पाठ, आणि शंका आली की खिळ्याच्या तोंडावरून अंगठा फिरवायचे. प्रूफ वाचायची वेळ आली की मला म्हणायचे, “पोरा, मोठ्यांदा वाच, तुझी उच्चारांची सवय होऊ दे.” मीही मोठ्यांदा वाचायचो. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, मालकांना नव्हतं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी हिशोब करून घरी बसवलं असतं. तेव्हा अपंगांसाठी कुठला कायदा? पहिला आला १९९५ साली, तोवर वामनराव गेले होते.

मी म्हणालो होतो, असं दुसऱ्याचं पुस्तक टाइप करून वाटलं तर कॉपीराइटवाला दारात येईल. तू २०१२ची दुरुस्ती तोंडपाठ म्हणून दाखवलीस, की वाचू न शकणाऱ्यासाठी पुस्तक दुसऱ्या रूपात करून द्यायला मोकळीक आहे, आणि वर अशाच मोकळिकीच्या त्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारावर सगळ्यांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश आपलाच, २०१४ साली. कट्ट्यावर मी ते सांगितलं. माने मास्तरांनाही माहीत नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या तोंडावर मी तुला कधी शाबासकी देत नाही अशी तुझी तक्रार आहे म्हणे. आईकडून कळलं.

दुसरंही सांगितलं कट्ट्यावर. तुझ्या त्या विद्यार्थिनीचं, लिहिताना हात आखडतो त्या. तिच्या सर्टिफिकेटवर चाळीस टक्के अपंगत्व नाही, म्हणून लेखनिक नाही असं ऑफिस म्हणत होतं, आणि तू २०२१चा सुप्रीम कोर्टाचा निकाल छापून प्रिन्सिपॉलच्या टेबलावर ठेवलास. तिला लेखनिकही मिळाला आणि तीन तासांच्या पेपरला एक तास जादाही. मास्तर म्हणाले, “पोरगी वकील व्हायला हवी होती.” मला अभिमान वाटला, आणि रात्री झोप लागली नाही. दोन्ही एकाच गोष्टीमुळे.

मेधा, तुझ्या अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सही कुणाची असते? ज्यांच्या टेबलावर तू तो निकाल ठेवलास त्यांचीच ना? माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी फोनवर जे बोललो ते रागात. मला तुझ्या लग्नाची घाई नाही, फ्लॅटच्या हप्त्याचीही नाही, ती तुझ्या मामाला आहे. पण तुझं कामच असं, की रॅम्प कुठाय, लिफ्ट बंद का, लेखनिक का नाही, हे रोज वरच्या माणसाला विचारायचं. २०१६च्या कायद्याने त्या मुलांना प्रवेशात पाच टक्के जागा दिल्या, छान झालं. त्यांच्या वतीने भांडणाऱ्या बाईची जागा तुमच्या कॉलेजच्या रोस्टरवर कुठल्या ओळीत आहे? अपंग मुलांचा कक्ष तुझ्या गळ्यात, शिकवायचं तासिका तत्त्वावर, आणि तासिकांचे पैसे येतील तेव्हा येतील. भांडणाऱ्याचे पाय आधी पक्क्या जमिनीवर हवेत गं. नोकरी पक्की असली की माणूस हवं तेवढं वाकडं बोलू शकतो. मी आयुष्यभर मालकांपुढे मान हलवली ती काय हौसेने? आणि तू प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेली, पीएचडी हातातोंडाशी आलेली, आणि...

बघ, सुरू झालंच. माफ कर. हे पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला प्रूफाच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या कॉलेजातल्या पक्क्या जागेच्या जाहिरातीचं मात्र तुझं उत्तर मला पटलेलं नाही, ते तसंच ठेवतो. “तिथे नुसतं शिकवायचं आहे बाबा, मुलांकडे बघायला कुणी नाही,” म्हणालीस. कुणी नाही, तर तू बघशील की! ग्रँटेबल, सरकारी अनुदानाच्या जागेवर बसून कक्ष काढता येत नाही असं थोडंच आहे? आणि मुलाखतीत त्यांनी काही आकडा सांगितला तर सरळ उठून ये, तेवढं मला कळतं. आपल्याकडे द्यायला नाही, आणि असते तरी दिले नसते.

हा, तू आत्ता गेलीस तर सांगोल्याच्या पोराचं एप्रिलच्या परीक्षेचं काय, हे मलाही सुचलं. त्याची आई तुला शेंगा घेऊन भेटायला आली होती, ते आईने मला सांगितलंय. मी तिला म्हटलं, या मुलीला पगारात शेंगाच मिळणार. आईला आवडलं नाही.

सुमाआत्या विचारत होती, तुझ्या कॉलेजात मोठ्या वयाचं कुणी आहे का. का विचारलं ते तुला कळेल. फोन कर तिला, पण दुपारी नको, कानाचं मशीन काढून ठेवते.

पेनड्राइव्ह शिंद्यांच्या विकीबरोबर पाठवतोय, शनिवारी तो स्वारगेटला उतरेल. प्रूफाचे पैसे विचारू नकोस. डोळ्यांना त्रास होतो का हेही विचारू नकोस, मोतीबिंदू काढल्यापासून बरं दिसतं. तिसऱ्या प्रकरणात जनगणनेचे तक्ते आहेत. ते ओळीने सांगायचे की रकान्याने? पोराला विचारून कळव, तोवर मी चौथं घेतो.

बाबा